उत्तररंग आणि रसिक

कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण करतो आणि मध्यंतरीच्या नामगजरानंतर उत्तररंगात आख्यान लावतो. निरूपणाच्या वेळी चुळबुळणारी मंडळीही आख्यान सुरू झाले की सावरून बसतात. काही गायकांच्या आयुष्याची मांडणी अशीच असते. पूर्वायुष्य साधना, उपेक्षा आणि उदरनिर्वाह यांत सरते आणि सामान्य माणूस ज्या वयात पेन्शनीचा हिशेब करू लागतो, त्या वयात त्यांचे आख्यान रंगू लागते. या रंगण्यात रसिकांच्या प्रेमाचा वाटा किती आणि ते प्रेम कोणत्या जातीचे असावे, हा प्रश्न तिघा गायकांच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

बालगंधर्वांवर (१८८८–१९६७) महाराष्ट्राने केले तितके प्रेम क्वचितच कोणा गायकनटाच्या वाट्याला आले असेल. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव ओसरले, देह थकला, तरी लोक सिंधू आणि भामिनी या त्यांच्या भूमिका पाहण्यास येतच राहिले. परंतु त्या गर्दीला हवे होते ते बहुतांशी स्वतःच्याच तारुण्याचे पुनर्दर्शन. १९६४ साली पद्मभूषणाचा मान आला. ती भक्ती निःसंशय खरी होती; मात्र तिने थकलेल्या गंधर्वांकडे कालचेच गाणे मागितले, आजचे मागितले नाही.

डॉ. वसंतराव देशपांडे यांची हकिगत निराळी. १९३५ च्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटात बालकृष्ण झालेला हा मुलगा पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात रुजू झाला आणि अनेक घराण्यांची विद्या कंठात असताना ऐन उमेदीची वर्षे कचेरीच्या दप्तरात गेली. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव ४७ वर्षांचे होते. साचलेले सारे गाणे तेथे मोकळे झाले. येथे रसिकांपाशी जुनी आठवण नव्हती. त्यामुळे अपेक्षेचे ओझेही नव्हते.

परंतु उत्तररंगाचा सर्वोच्च दाखला मल्लिकार्जुन मन्सूर यांचा. १९१० साली धारवाडजवळच्या मन्सूर गावी जन्मलेल्या या गायकाने मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली. तिच्या बळावर नाव मिळाल्यानंतरही अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ आणि त्यांच्यामागून भुर्जीखाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. मंजीखाँ १९३७ साली आणि भुर्जीखाँ १९५० साली निवर्तले. शिष्य मात्र ती विद्या पुढे कित्येक वर्षे घोटीत राहिला. १९७० साली पद्मश्री आणि १९७६ साली पद्मभूषण मिळाले, आणि १९९२ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, पद्मविभूषण.

त्यांच्या प्रेमिकांची जात पाहावयाची असेल, तर एका परिचित वृद्ध रसिकाची पत्र्याची पेटी पाहावी. तीत खाजगी मैफलींच्या कॅसेटी रचलेल्या असून प्रत्येकीवर पेन्सिलीने राग, ताल आणि तिथी टिपली आहे: शिवमत भैरव, खट, एक निषाद बिहागडा, लाचारी तोडी. एकीवर एकच शब्द आहे, ‘पुन्हा’. ती लावली की लांबण न लावता एकदम बंदिशीला भिडणारा, एक स्वरवाक्य संपण्याआधीच दुसऱ्याचा धागा हाती घेणारा आणि तरीही समेवर अचूक येणारा तो आवाज खोली भरून टाकतो. आणि पार्श्वभूमीला कोणा श्रोत्याचा, दाद देण्यापूर्वीच रोखलेला, श्वास ऐकू येतो. या मंडळींनी मन्सूरांकडे कालचे गाणे मागितले नाही. अनवट राग मागितले आणि ते पेलण्याइतके आपले कान तयार केले.

माझा निर्णय असा की, उत्तरायुष्यात कलावंत परतून येतो हे म्हणणे अर्धसत्य आहे. तो तेथेच असतो, त्याच्यापर्यंत पोहोचण्यास आपल्यालाच उशीर झालेला असतो. म्हणून वाचकहो, या हिवाळ्यात आपल्या गावी एखादे वृद्ध गवई किंवा गायिका गाणार असतील, तर जरूर जा, पुढे बसा, आणि गाजलेल्या चीजेची फर्माईश न करता, आज त्यांना जे गावेसे वाटते तेच ऐका.