नीरा डाव्या कालव्यातलं एम-थ्री

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या अनेक शाखांत दुसऱ्या वर्षाला ‘एम-थ्री’च्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात सदिश कलन असतं. बारामती, माळेगाव, इंदापूरच्या कॉलेजांतली मुलं ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल काढायला पटकन शिकतात. पण आलेल्या उत्तराचा अर्थ काय, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. ‘हे मार्कांपुरतं आहे’ हा या विषयाबद्दलचा सगळ्यांत मोठा गैरसमज. यातल्या कित्येक मुलांच्या गावाजवळून नीरा डावा कालवा वाहतो, आणि सदिश कलनातली जवळपास प्रत्येक कल्पना त्याच्या पाण्यात पाहायला मिळते.

पाणी ग्रेडियंटच्या दिशेनं वाहतं, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. जमिनीची उंची प्रत्येक ठिकाणी एका आकड्यानं सांगता येते. त्या उंचीचा ग्रेडियंट हा सदिश असतो आणि तो सर्वांत तीव्र चढाकडे रोखलेला असतो. पाणी त्याच्या विरुद्ध दिशेला जातं. समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषेशी ग्रेडियंट कायम काटकोन करतो.

हा काटकोन समजला की कालव्याची वळणंही समजतात. 1880च्या दशकात काढलेला हा कालवा सुमारे दीडशे किलोमीटर लांब आहे. तो समोच्च रेषेच्या अगदी जवळून, जेमतेम पाणी पुढे सरकेल एवढाच उतार ठेवून नेला आहे. म्हणजे मुख्य कालवा ग्रेडियंटशी जवळजवळ काटकोनात चालतो, आणि वितरिका व चाऱ्या त्याच्यापासून फुटून उताराच्या दिशेनं नीरा नदीकडे उतरतात. टेकाड आलं की कालवा त्याला वळसा घालतो, ओढ्याचं खोरं आलं की आत शिरतो. कुणाची तरी जमीन वाचवायला कालवा वाकवला, असं पारावर ऐकायला मिळतं. पण समोच्च नकाशा समोर ठेवला की बहुतेक वळणांचं कारण तिथेच सापडतं.

कालव्याच्या उत्तरेकडच्या जिरायत पट्ट्याचं दुखणंही इथेच आहे. ‘कालवा तालुक्यातूनच जातो, मग आम्हाला पाणी का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. सुपे-मोरगावकडची जमीन कालव्यापेक्षा उंच, म्हणजे ग्रेडियंटच्या बाजूला आहे. तिथे पाणी आपोआप चढत नाही. जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना लागते आणि तिच्याबरोबर विजेचं बिल येतं. पाइपलाइन वळसा घालून नेली तर पाणी उचलायचं काम वाढतं, हाही समज चुकीचा आहे. गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्राचा कर्ल, म्हणजे जागच्या जागी फिरवण्याचं माप, शून्य असल्यामुळे ते काम फक्त उंचीतल्या फरकावर ठरतं, मार्गावर नाही. लांबीमुळे वाढतो तो घर्षणाचा तोटा.

डायव्हर्जन्स म्हणजे एखाद्या जागेतून प्रवाह किती बाहेर पसरतो त्याचं माप. त्याबद्दल नेहमीची चूक अशी : पुलाखाली कालवा अरुंद होतो, पाण्याचा वेग वाढतो, म्हणजे तिथे डायव्हर्जन्स धन असणार. नाही. वाहण्याच्या दिशेला वेग जेवढा वाढतो, तेवढंच पाणी दोन्ही बाजूंनी आत ओढलं जातं. बेरीज शून्य. पाणी दाबलं जात नाही, म्हणून हे ठरलेलंच आहे. डायव्हर्जन्स खरोखर धन पाहायचा असेल तर साखर कारखान्यात जावं. तिथल्या टर्बाइनच्या नोझलमध्ये वाफ प्रसरण पावते आणि तिच्या वेगाचा डायव्हर्जन्स शून्याहून जास्त होतो.

सगळ्यांत जास्त गोंधळ कर्लचा. पाणी वळलं तर कर्ल, सरळ वाहिलं तर कर्ल नाही, असं जवळपास प्रत्येक जण धरून चालतो. शेतातल्या सरळ, संथ चारीवर हे तपासता येतं. पाचटाचे दोन तुकडे अधिकच्या चिन्हासारखे बांधून काठाजवळ सोडा. काठाशी घर्षणामुळे पाणी हळू असतं, मध्याकडे वेगानं. त्यामुळे पाचटाची मध्याकडची बाजू पुढे ढकलली जाते आणि ते सरळ जाता जाता स्वतःभोवती फिरतं. प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून पाहिलं तर डाव्या काठाशी ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरेल, उजव्या काठाशी काट्यांप्रमाणे. बरोबर मध्ये सोडलं तर जवळपास फिरणारच नाही. कर्लचं धन-ऋण चिन्ह म्हणजे हेच.

याच्या उलट भोवऱ्यात पाणी गोल फिरतं, तरी मध्यबिंदू सोडून कर्ल शून्य असू शकतो. वेग मध्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर पाचट मध्याभोवती प्रदक्षिणा घालतं, पण त्याच्या टोकांची दिशा बदलत नाही. मार्ग वाकडा असणं वेगळं आणि जागच्या जागी फिरणं वेगळं. पुलाच्या खांबाशी नदीचा तळ का खरवडला जातो, हे समजायला तिथल्या पाण्याचा कर्लच पाहावा लागतो. विहिरीवरची मोटर फिरते तीही बदलतं चुंबकीय क्षेत्र आणि विद्युत क्षेत्राचा कर्ल यांच्या नात्यामुळे.

पावसाळ्यात दौंडजवळचा नदीचा विसर्ग आणि उजनी धरणाचा साठा यांच्या बातम्या रोज येतात. क्युसेक म्हणजे एका छेदातून दर सेकंदाला जाणारं एक घनफूट, साधारण 28.3 लिटर पाणी. छेदातून जाणाऱ्या अशा प्रवाहालाच गणितात फ्लक्स म्हणतात. धरणाच्या सगळ्या सीमांवरची आवक-जावक मोजली की आतला साठा किती बदलला ते कळतं, हा गाउसच्या प्रमेयाचाच वापर. सलग 1,000 क्युसेक पाणी एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, व्हायला साडेअकरा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. मात्र पृष्ठभागावरचा वेग थेट छेदाच्या क्षेत्रफळानं गुणला तर विसर्ग फुगतो, कारण तळाशी पाणी हळू असतं. म्हणून तो वेग साधारण 0.85 नं गुणून, म्हणजे कमी करून धरतात.

हे फक्त गणितज्ञांचं काम, असं वाटणाऱ्यांनी ऑलिव्हर हेविसाइडकडे पाहावं. तो तार कंपनीत ऑपरेटर होता. विद्यापीठाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. मॅक्सवेलची किचकट समीकरणं 1880च्या दशकात त्यानंच आजच्या चार सदिश समीकरणांत मांडली.

बारामती-इंदापूरच्या शिक्षकांना एक विनंती : कर्लचा निर्धारक फळ्यावर मांडण्याआधी एक तास शेतातल्या चारीवर घ्या. मुख्य कालव्याच्या पाण्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नका.