ईव्हीत पडदा बसवताना

बीडहून छत्रपती संभाजीनगर साधारण 130 किलोमीटर. पेट्रोलच्या गाडीला एवढ्या अंतराचं काहीच वाटत नाही. 24 किलोवॅट-तासाची टाटा टियागो ईव्ही घेऊन निघणाऱ्याला मात्र जाण्यायेण्याचा हिशेब आधी मांडावा लागतो. 2022 साली ही गाडी आली तेव्हा कंपनीने एका चार्जिंगमध्ये 315 किलोमीटर सांगितले होते. एसी लावून महामार्गावर पळवायची तर दोनशेच्या आसपास धरलेले बरे. मग वाटेत चार्जर कुठे आहे, चालू आहे का, मोकळा आहे का, हे सगळं मोबाइलवर पाहणं आलं.

कमी किमतीच्या मॉडेलात हे दाखवणारा मोठा पडदा मिळेलच असं नाही. त्यामुळे बरेच जण ॲक्सेसरीजच्या दुकानाची वाट धरतात. तिथे दोन प्रकार मिळतात. पहिला म्हणजे डॅशबोर्डमधला जुना टेप काढून त्या जागी बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ. दुसरा सात ते दहा इंचांचा सुटा पडदा. तो डॅशबोर्डवर चिकटवायचा आणि पिन लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची.

सुट्या पडद्यात स्वतःची अक्कल फारशी नसते. ॲपलचं कारप्ले आणि गुगलचं अँड्रॉइड ऑटो या दोन्ही प्रणाली 2014 मध्ये जाहीर झाल्या, आणि दोन्हींत खरं काम फोनच करतो. नकाशा फोन तयार करतो आणि त्याचं चित्र केबलने किंवा वायफायने पडद्यावर पाठवतो. आपण पडद्यावर बोट टेकवलं की ती खूण फोनकडे परत जाते. वायरलेस वापरलं की फोन तापतो आणि बॅटरीही लवकर उतरते. मे महिन्यातल्या बीडच्या उन्हात काचेखाली ठेवलेला फोन तर आणखीच तापतो. सावलीत ठेवून केबल लावलेली बरी.

आवाज गाडीच्या स्पीकरवर आणायला ऑक्स केबल किंवा एफएम ट्रान्समीटर लागतो. एफएम वापरायचं तर आकाशवाणीच्या बीड केंद्राची फ्रिक्वेन्सी सोडून दुसरी निवडावी, नाहीतर रस्ता सांगणारा आवाज बातम्यांत बुडतो.

पडद्याने रेंज कमी होईल ही भीती अनेकांना असते. हिशेब सोपा आहे. असा पडदा साधारण 10 ते 15 वॅट घेतो, म्हणजे तासाभरात फार तर 15 वॅट-तास. गाडीला एक किलोमीटर जायला सुमारे 120 वॅट-तास लागतात. तासभर पडदा चालला तर रेंज सव्वाशे मीटरने घटते.

खरी गोम दुसरीकडेच आहे. ईव्हीतही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. दिवे, लॉक, कंट्रोल युनिट आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले तिच्यावर चालतात. फिटरने पडद्याची वायर चावी बंद केल्यावरही चालू राहणाऱ्या लाइनवर घेतली, तर उभ्या गाडीत ही छोटी बॅटरी हळूहळू उतरते. समजा ती 35 अँपिअर-तासांची आहे. त्यात सुमारे 420 वॅट-तास साठतात. 10 वॅटचा पडदा दोन दिवसांत ते संपवतो. मोठी बॅटरी 80 टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

म्हणून स्टिरिओ बदलताना कपलर-टू-कपलर फिटिंगच मागावं. मूळ वायर कापून जोड दिला की वॉरंटीच्या वेळी वाद निघतो. नारिंगी केबल उच्च व्होल्टेजची असते. तिला दुकानातल्या कोणीही हात लावू नये. एअरबॅगच्या झाकणावर पडदा चिकटवणंही धोक्याचं.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. सुटा पडदा गाडीच्या यंत्रणेशी बोलत नाही. मांजरसुंब्याचा घाट चढताना बॅटरीचा आकडा किती खाली आला, हे त्या पडद्यावरच्या नकाशाला कळत नाही. तो आकडा मीटरवरच पाहावा लागतो. बालाघाटाच्या डोंगरात मोबाइलची रेंज जाते तिथल्यासाठी ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

गाडी चालवताना नकाशा पाहायला कायद्याने थोडी मोकळीक आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी करता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित न होता. व्हिडिओ त्यात बसत नाही.

दुकानातून निघण्याआधी गाडी लॉक करून दहा मिनिटं थांबावं. पडदा विझला नसेल तर वायर लगेच बदलून घ्यावी.