छायाचित्रकाराची पदवी कोण पाहतो?

अमेरिकेत लग्नाचे किंवा मंडळाच्या गणेशोत्सवाचे छायाचित्रण कोणाकडे सोपवताना त्याचे पदवी प्रमाणपत्र मागितल्याचे ऐकिवात नाही. मागितली जातात ती आधीची छायाचित्रे. तरीही मुलाने वा मुलीने याच क्षेत्रात करिअर करायचे ठरवले, की आपल्या घरांत पहिला प्रश्न पदवीचाच निघतो. आर्ट कॉलेजच्या चार वर्षांच्या शुल्काचा आकडा पाहता तो अनाठायीही म्हणता येणार नाही.

अमेरिकेच्या कामगार खात्याचा सांख्यिकी विभाग कोणत्या व्यवसायाला साधारणतः किती शिक्षण लागते, याची नोंद ठेवतो. छायाचित्रकारासाठी तिथे केवळ हायस्कूलची पातळी नोंदवली आहे. वृत्तछायाचित्रण, औद्योगिक आणि वैज्ञानिक छायाचित्रण यांत मात्र पदवीची अपेक्षा अनेकदा असते.

इतिहासही याला दुजोरा देतो. गॉर्डन पार्क्स यांचे हायस्कूलही पूर्ण झाले नव्हते. सिअ‍ॅटलमधील गहाणवटीच्या दुकानातून साडेसात डॉलरला घेतलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी सुरुवात केली आणि १९४८ मध्ये ते ‘लाइफ’ साप्ताहिकाचे पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार झाले. आपल्याकडे गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांचा हात तयार झाला तो जाहिरात संस्थेत नोकरी करता करता.

पण पार्क्स एकट्याने शिकले, असे मात्र नाही. १९४२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते वॉशिंग्टनला आले, तेव्हा सरकारी छायाचित्रण प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्यांना कॅमेरा ठेवून शहरात फिरून यायला सांगितले: दुकानात जा, उपाहारगृहात जा, चित्रपटगृहात जा. सगळीकडे वर्णभेदाचा अपमान पदरी घेऊन ते परतले. मग स्ट्रायकरनी त्यांना प्रकल्पाच्या संग्रहातील छायाचित्रे अभ्यासायला लावली. याला पदवी कोणी देत नाही, पण हे शिक्षण नव्हे, असे कोण म्हणेल? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे औपचारिक शिक्षणही आठवीपर्यंतचे. तरी त्यांनीच चाळिशीच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंस्थेत छायाचित्रणाचा विभाग उभा केला. १८७१ पासूनची ती संस्था २०२२ मध्ये बंद पडली. सांता बार्बराची ब्रूक्स इन्स्टिट्यूट त्याआधीच, २०१६ मध्ये.

इथपर्यंतचा हिशेब अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना लागू पडतो. व्हिसावर असलेल्यांचे गणित वेगळे आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एच-१बी मिळण्यासाठी त्या कामाला विशिष्ट विषयातील पदवी अनिवार्य असल्याचे दाखवावे लागते. ‘हायस्कूल पुरेसे’ ही जी सरकारी नोंद स्वयंशिक्षिताला दिलासा देते, तीच इथे आडवी येते; त्यामुळे हाती पदवी असूनही छायाचित्रकाराला हा व्हिसा मिळणे कठीण. (गंमत अशी, की नामवंत फॅशन मॉडेलसाठी याच कायद्यात पदवीविना सोय आहे, तिचे छायाचित्र काढणाऱ्यासाठी नाही.) शिक्षणानंतर विद्यार्थ्याला ओपीटीचे १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारे पुढचे २४ महिने निव्वळ छायाचित्रणाच्या पदवीला मिळत नाहीत.

एच-४ वर असलेल्यांनी तर विशेष जपावे. घरी बसण्यापेक्षा म्हणून सुरू केलेले बारशा-डोहाळजेवणाचे छायाचित्रण, पैसे घेतले की कायद्याच्या दृष्टीने रोजगार ठरते. २०१५ पासून काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू शकतो, प्रामुख्याने ज्यांच्या पती वा पत्नीच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांना. तो हाती येईपर्यंत मानधन घेऊ नये.

उरतो तो ओ-१ व्हिसा. तो पदवी विचारत नाही. पुरस्कार, प्रदर्शने, छापून आलेली समीक्षा, नामांकित संस्थांसाठी केलेले काम यांचे पुरावे मागतो. माझ्या पत्रकारितेच्या पदवीबद्दल आजवर एकाही संपादकाने विचारले नाही. विचारले ते इमिग्रेशनच्या वकिलाने. छायाचित्रकाराला त्या टेबलावर ठेवायचे असते ते स्वतःचे काम. म्हणून पहिल्या छापील छायाचित्रापासून नावासह कात्रणे, करारपत्रे, प्रदर्शनांच्या पुस्तिका तारीखवार जपून ठेवाव्यात. आणि प्रकाशयोजना, छपाई हेच शिकायचे असेल, तर आधी जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे शुल्कपत्रक पाहावे. एका सत्राचा खर्च अनेकदा एका चांगल्या लेन्सहून कमी भरतो.