वऱ्हाडी लपवू नका राजेहो!

‘ऑडिशन देतो, पण तोंडातून वऱ्हाडीच निघते ना बाप्पा!’ आर्वीतल्या नाटकवेड्या पोरापोरींची ही धास्ती. पण वर्धा नदीपलीकडच्या अमरावतीच्या भारत गणेशपुरेंची तर ओळखच वऱ्हाडीनं घडवली. आधी ‘फू बाई फू’, मग २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘चला हवा येऊ द्या’. त्यांची बोली अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली.

तिकडे स्कॉटलंडच्या डेव्हिड टेनंटनं २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेत नायक होताना आपला स्कॉटिश हेल बाजूला ठेवला. पुढे त्याच भूमिकेत पीटर कपाल्डी मात्र स्कॉटिश हेलासकट उभा राहिला.

तेव्हा प्रमाण मराठी घोटा, पण वऱ्हाडी सोडू नका. दोन्ही जमल्या तर भूमिकाही जास्त मिळतील. सुरुवात कुठून? कॉलेजची एकांकिका आहेच की!