आभासी खाजगी जाळे, घरगुती
सार्वजनिक मार्गाने जाणारी माहिती कूटबद्ध करून दोन ठिकाणांदरम्यान जणू स्वतंत्र वाट निर्माण करणारी व्यवस्था. हिला संक्षेपाने व्हीपीएन म्हणतात.

घरगुती बिनतारी जाळ्यातील रेडिओ तरंग भिंतींबाहेरही पोहोचतात. जाळे खुले असल्यास त्यामुळे दोन धोके संभवतात : माहिती चोरून वाचली जाणे व जोडणीचा परस्पर वापर होणे. संगणकावर व्हीपीएन चालविल्यास पहिला धोका टळतो. संगणकापासून व्हीपीएन केंद्रापर्यंत माहिती त्रयस्थाला वाचता येत नाही. व्हीपीएन केवळ राउटरवर चालविल्यास मात्र घरातील रेडिओ टप्पा असुरक्षितच राहतो.

दुसरा धोका या दोन्ही मांडण्यांनी टळत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथील बाँबस्फोटांपूर्वी काही मिनिटे धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका सदनिकेच्या खुल्या वाय-फाय जोडणीवरून पाठविण्यात आला. परिणामी जोडणीधारकाला चौकशीस सामोरे जावे लागले.

यास्तव प्रथम राउटरचाच प्रवेश नियंत्रित करावा लागतो. त्यासाठीची १९९७ मधील डब्ल्यूईपी ही पद्धती २००१ पर्यंत भेद्य ठरली. तिच्यापेक्षा डब्ल्यूपीए-२ (२००४) व डब्ल्यूपीए-३ (२०१८) या पद्धती बळकट असून त्यांस लांब परवलीच्या शब्दाची जोड आवश्यक असते. राउटरमागे व्हीपीएनचे प्रवेशद्वार बसवून केवळ गुप्त किल्ली असलेल्या उपकरणांनाच पुढे जाऊ देण्याचीही रचना करता येते. तीत दोन्ही धोक्यांना आळा बसतो.