नव्या स्पीकरचा खर्ज गेला कुठे?

बंगळूरच्या जे. पी. नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मोटारीतले गाणे ही काही चैन वाटत नाही. सकाळी सिल्क बोर्डचा चौक ओलांडेपर्यंत अर्धी मैफल ऐकून होते. गणपतीला पुण्याला निघायचे, तर तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा आठशे किलोमीटरहून लांबचा रस्ता समोर असतो. अशा प्रवासात जुने स्पीकर फाटक्या आवाजात कुरकुरू लागले की जे. सी. रोड गाठला जातो. मोटारींच्या सुट्या भागांची ही शहरातली जुनी पेठ. तासाभरात दारांत नवे स्पीकर बसतात, खोक्यावर '३०० वॅट' असे ठळक छापलेले असते आणि मंडळी खुशीत घरी परततात.

वाटेतच कुणाच्या तरी लक्षात येते की गायिकेचा आवाज स्वच्छ झाला, पण डग्ग्याची घुमारी नाहीशी झाली! सगळे गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. 'याहून जुने बरे होते,' असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात आणि ते खोटे नसते. दुकानदार सांगतो, 'चार दिवस वाजू द्या, आपोआप मोकळे होतील.' नवा स्पीकर वापराने थोडा सैल होतो, हे खरे. पण गेलेला खर्ज केवळ वाट पाहून परत येत नाही.

बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतोच, तो तारांच्या उलटसुलट जोडणीचा असतो. प्रत्येक स्पीकरला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. एका दारात ती बरोबर आणि दुसऱ्या दारात उलटी जोडली गेली, तर एक पडदा हवा बाहेर ढकलत असताना दुसरा ती आत ओढतो. बारीक स्वरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. खर्जाची लहर मात्र तीन-तीन मीटर लांब असते. छोट्याशा गाडीत दोन्ही दारांच्या अशा लहरी एकमेकींना खाऊन टाकतात.

हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. आवाज फक्त पुढच्या दारांत ठेवून ठेक्याचे एखादे गाणे लावावे आणि 'बॅलन्स' पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे न्यावा. एकेका बाजूला ठोका भरीव आणि मध्यावर आणताच पोकळ वाटला, तर तारा उलट्या आहेत असे समजावे. जाळी काढून पडदा दिसत असेल, तर टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलनेही खात्री होते. आधी स्पीकरच्या तारा स्टिरिओपासून सोडवाव्यात आणि मगच सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लागले की पडदा बाहेर येतो, उलट लागले की आत जातो. स्पीकरवर रुंद पट्टी बहुधा धन असते आणि अरुंद ऋण. बाजारातल्या स्टिरिओच्या पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या तारांपैकी काळी रेघ असलेली तार ऋण असते. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात. म्हणून त्या कापण्याऐवजी त्या मॉडेलचा तयार कप्लर मागावा. त्याने चूक टळते आणि वॉरंटीचा वादही.

तारा ठीक निघाल्या तर नजर दाराकडे वळवावी. खर्ज घुमण्यासाठी पडद्याची पुढची आणि मागची हवा वेगळी राहायला हवी. डग्ग्याच्या भांड्याला भोक पडले तर तो कसा वाजेल? दाराचे तसेच आहे. स्पीकरच्या कडेला फट राहिली, मूळच्या जागी न बसणारा स्पीकर दोनच स्क्रूंवर लटकवला, तर मागची हवा फटीतून पुढे येते आणि ठोका मरतो. योग्य मापाची प्लास्टिकची रिंग आणि भोवती फोमची पट्टी, एवढ्या किरकोळ खर्चात मोठा फरक पडतो.

दाराच्या कव्हराखाली काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला एक प्लास्टिकचा पडदा असतो. घाईत काम करणारे तो फाडतात आणि तसाच सोडतात. काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी आत येऊ न देणे हे त्याचे काम. सप्टेंबर-ऑक्टोबरात बंगळूरला जोराच्या सरी येतात, तेव्हा गालिचा ओला का होतो याचे उत्तर अनेकदा तिथेच सापडते. शिवाय काही गाड्यांत अपघात ओळखणारा, हवेचा दाब मोजणारा सेन्सर याच पोकळीत असतो. त्यामुळे दारात मोठी भोके पाडू देऊ नयेत. पाणी निचऱ्याची खालची छिद्रेही बुजवू नयेत. स्पीकर बसवल्यावर काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला अडत नाही ना, हेही पाहावे.

आता त्या '३०० वॅट'बद्दल. हा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. त्यातून उपयोगाची गोष्ट फारशी कळत नाही. गाडीतला साधा स्टिरिओ एका स्पीकरला सतत पंधरा-वीस वॅटच देऊ शकतो. म्हणून खोक्यावरची 'सेन्सिटिव्हिटी' वाचावी. ती तीन डेसिबलने कमी असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. जड पडद्याचा महागडा स्पीकर साध्या स्टिरिओवर मलूल वाटतो, तो यामुळे. जुन्या स्पीकरच्या पाठीवरचे ओहमही पाहावेत. मूळचा दोन ओहमचा असेल आणि नवा चार ओहमचा बसवला, तर त्याला जवळपास निम्मीच ताकद मिळते.

दार ठरावीक ठोक्यालाच खडखडत असेल, तर खिशातली नाणी आणि दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या आधी बाजूला काढाव्यात. मग कव्हराच्या क्लिपा तपासाव्यात, एखादी तरी तुटलेली निघते. नवी क्लिप जे. सी. रोडवर सहज मिळते.