चाकणची सेडान: ताकद भरपूर, गिऱ्हाईक मोजके

फोक्सवॅगन व्हर्टस ही गाडी २०२२ साली बाजारात आली. ती चाकणला बनते आणि तिथूनच मेक्सिकोलाही जाते. तिच्या लहान इंजिनाची क्षमता जेमतेम ९९९ सीसी, सिलिंडर तीन; तरी ताकद ११५ पीएस. होंडा सिटीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १२१ पीएस देतं. कागदावर सिटी पुढे, पण घाटात चित्र पालटतं. तिथे खरा कस लागतो टॉर्कचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराचा. सिटीचा १४५ न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला ४,३०० फेऱ्यांवर मिळतो. व्हर्टसचा १७८ साधारण १,७५० फेऱ्यांपासूनच. कारण टर्बो. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूवर पंखा फिरतो आणि सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. त्यामुळे खंबाटकी चढताना, चार माणसं आणि सामान असलं तरी, सारखा गिअर उतरवावा लागत नाही. व्हर्टसचं दीड लिटरचं १५० पीएसचं इंजिन तर याहून दमदार. भार कमी असला की चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवून ते पेट्रोलही वाचवतं.

मग खप का मर्यादित? लोकांना उंच बसायला आवडतं, आणि त्याच पैशांत एसयूव्ही मिळते. शिवाय लांबी चार मीटरच्या वर, म्हणून इंजिन लहान असूनही सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाडीला १८. मारुतीची सियाझ तर चार मीटरहून लांब सेडानच्या या वर्गातून बाहेरच पडली. माझ्या मते महामार्गावर रोज लांब पल्ला मारणाऱ्याने मात्र सेडानच घ्यावी: बुटकी गाडी वळणावर कमी झुकते.